कोरे भेंडोळे आणि सटवाईचा कागद

आमच्या वस्तीच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. वंदना होते, थोडे वाचन होते, ज्यांचे गणित कच्चे आहे त्यांची गणिते होतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे नेमाने जातो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी बाहेर पाणी साचले आणि मुलांना खेळायला जागा उरली नाही. तेव्हा इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या वस्तीतल्याच एका मुलीने कुठूनसा प्रोजेक्टर आणला आणि भिंतीला चादर बांधून 'कुंग फू पांडा' हा कार्टूनचा सिनेमा लावला. हिंदीत बोलणारा. पुढे तीसेक मुले, मागे भिंतीला टेकून सात-आठ आया. मुले हसून हसून लोळत होती. मीही हसलो.

मग तो प्रसंग आला. जाडा पांडा फटाके बांधलेल्या खुर्चीवरून उडतो आणि वाड्याच्या अंगणात धाडकन आदळतो. म्हाताऱ्या कासवगुरूचे बोट त्या क्षणी दुसऱ्याच कोणाकडे वळलेले असते, ते नेमके पांडापुढे येऊन ठरते. हाच तो निवडलेला योद्धा. मागून एक बाई सहज म्हणाल्या, "बघा, नशिबात असलं की आभाळातनं पडतं." पुढच्या रांगेतल्या त्यांच्याच मुलाने, नववीत आहे तो, मागे वळून विचारले, "आणि नसलं की?"

आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. सिनेमा पुढे चालू राहिला. बत्तीस वर्षे वर्गात उभा राहिलेल्या माणसाला त्या वेळी उत्तर सुचले नाही, म्हणून हे टिपण.

कोणी म्हणेल, या नियतकालिकाने पोरांच्या कार्टूनवर पाने का खर्च करावीत? माझे म्हणणे उलट आहे. आपण कथा तपासली, कविता तपासली, प्रस्थापितांचे सौंदर्यशास्त्र तपासले, पुराणे तर शब्दाशब्दाने सोलून काढली. पण आपल्या पोरांच्या मनात आज पुराण शिरते ते कीर्तनातून नाही. ते हातातल्या मोबाइलमधून, रंगीत आणि हसऱ्या चेहऱ्याने शिरते. त्याला आपण 'पोरांचे खेळणे' म्हणून सोडून दिले आहे. ज्या घरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दैव आणि देव दोन्ही उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या घरांत 'नियती' आता परदेशी वेष घालून परत येते आणि आपण तिला चहा देतो.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या ड्रीमवर्क्स कंपनीने तो २००८ साली काढला; दिग्दर्शक मार्क ऑसबोर्न आणि जॉन स्टीव्हन्सन. सगळी पात्रे पशुपक्षी, आणि भूमी एक काल्पनिक जुना चीन. पो नावाचा पांडा एका नूडलवाल्याचा मुलगा आहे. बाप पांडा नाही, बदकाच्या कुळातला पक्षी आहे; मुले त्याला सरळ बदकच म्हणतात. पोला कुंग फूचे वेड, पण काम नूडलच्या दुकानात. डोंगरावर हिरव्या पाचूच्या नावाचा वाडा आहे. तिथे ऊगवे हा कासवगुरू, त्याचा शिष्य शीफू आणि शीफूचे पाच पटाईत शिष्य राहतात. ताई लुंग नावाचा एक बिबट्या वीस वर्षे कैदेत आहे. तो सुटून येणार असे ऊगवेला दिसते. त्याला रोखणारा 'ड्रॅगन योद्धा' निवडायचा असतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे निवड होते पोची. या योद्ध्यालाच वाचता येईल असे एक गुप्त भेंडोळे वाड्याच्या छताशी, दगडी ड्रॅगनच्या तोंडात ठेवलेले आहे. पुढे पो शिकतो, भेंडोळे उघडतो, ते कोरे निघते, आणि तरीही तो जिंकतो.

एवढ्या कथेत नियतीची तीन वेगवेगळी रूपे आहेत. ती एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे मुलांना ती एकच वाटतात. ती सुटी करणे हेच पालकाचे काम आहे.

पहिले रूप नूडलच्या दुकानातले. पो सकाळी झोपेतून उठतो. बाप विचारतो, स्वप्नात काय पाहिलेस? पो खोटेच सांगतो, नूडलचे स्वप्न पाहिले. बाप आनंदाने वेडा होतो. आपण नूडलवाले, आपल्या नसांतून रस्सा वाहतो, अशा अर्थाचे तो बोलतो. हे दुकान त्याला त्याच्या बापाकडून आले, बापाला आजाकडून. पो विचारतो, तुम्हाला कधी दुसरे काही करावेसे वाटले नाही? बाप म्हणतो, वाटले होते, तरुणपणी टोफू करायला शिकावेसे वाटले होते. पण तो वेडेपणा होता. प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

मुले इथे हसतात. मला हसू आले नाही. त्या म्हाताऱ्याचे बंड तरी केवढे? नूडल सोडून टोफू! एका रांधण्यातून दुसऱ्या रांधण्यात जायचे, तेवढेही त्याने स्वप्नात दडपून टाकले. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून माणसाची किंमत, ही व्यवस्था आपल्याला पोथीतून शिकावी लागली नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितले होते की जात ही केवळ कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे. चित्रपटातला बाप ती प्रेमाने सांगतो, रश्श्याच्या वासात गुंडाळून सांगतो, म्हणून ती गोड लागते.

पण त्या बापाला खलनायक ठरवू नये, हे मला त्या नववीतल्या मुलामुळेच कळले. त्याचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. कामगारांनी झगडून मिळवलेली ही तरतूद आहे. तिच्यामुळे कित्येक घरांतली चूल विझली नाही, तिची टवाळी मी कधीही करणार नाही. पण तिचा दुसरा अर्थ पोराच्या मनात कसा उतरतो? त्याला घरात रोज ऐकू येते, "अभ्यास कर, नाही झालं तरी माझी जागा आहेच." बाप हे आधार म्हणून बोलतो, मुलगा ते निकाल म्हणून ऐकतो. पोचा बाप आणि हा बाप यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही पोराला उपाशी ठेवायचे नाही. प्रश्न असा की समाजाने त्यांच्यापुढे दुसरे दार उघडे ठेवले आहे का? म्हणून मुलांशी बोलताना बापाची बाजू आधी ऐकवावी. बाप चुकतो म्हणजे बाप वाईट, असे पोरांच्या डोक्यात भरले तर आपण एका घराचे नुकसान करू आणि व्यवस्था मोकळी सुटेल.

दुसरे रूप निवडीचे. ऊगवे म्हणतो, अपघात म्हणून काही नसते. पो उडून येणे, बोट ठरणे, सगळे ठरलेले. तो शीफूला पीचच्या झाडाखाली एक दृष्टान्त देतो. शीफू म्हणतो, फळ केव्हा पाडायचे आणि बी कुठे पेरायची हे मी ठरवू शकतो. ऊगवे म्हणतो, पण त्या बीतून पीचच उगवणार. सफरचंद हवे म्हटले तरी मिळणार नाही. ऐकायला गोड आहे. पण बीज आणि क्षेत्र यांची भाषा आपल्या देशात फार जुनी आहे, आणि ती कोणासाठी वापरली गेली हे आपल्याला ठाऊक आहे. बी तसे झाड, रक्त तसा माणूस. माणसाचे मूल म्हणजे पीचची बी नव्हे. पुढे ऊगवे जोडतो की त्या बीला वाढवावे लागते, तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तेवढा भाग घ्यावा आणि उरलेला मुलांसमोर उकलून ठेवावा. गावाकडे आजोळ असलेल्या मुलांना तर हे सांगणे सोपे आहे. झाडाला दुसरे डोळे बांधून कलम करता येते हे त्यांनी पाहिलेले असते.

निवडीच्या प्रसंगात मुलांना थांबवून मागे न्यावे अशी एक जागा आहे. पो उशिरा का पोचला? गावातले सगळे डोंगरावरच्या वाड्यात सोहळा पाहायला जातात. पोलाही जायचे असते. बाप म्हणतो, जा, पण नूडलची गाडी घेऊन जा, गर्दीत विक्री होईल. हजार पायऱ्या. पो ती गाडी ओढत राहतो. बाकीचे कधीच वर पोचलेले असतात. शेवटी तो गाडी टाकून धावतो, तोवर दारे बंद होतात. मग भिंतीवरून डोकावणे, फटाके, खुर्ची हा सगळा गमतीचा भाग. चित्रपट हे विनोद म्हणून दाखवतो आणि मुले विनोद म्हणूनच पाहतात. पण ज्याच्या पाठीला गाडी नव्हती तो वेळेवर आत गेला, आणि ज्याच्या पाठीला होती त्याच्यासाठी दार बंद झाले. पाटी-पुस्तकाऐवजी ज्यांच्या हाती गाडी आली त्यांची मुले वर्गात उशिरा का येतात, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. "आणि नसलं की?" या प्रश्नाचे उत्तर त्या गाडीत होते, आणि मी त्या दिवशी समोर बघत असून ते पाहिले नाही.

यालाच जोडून पाच पटाईत शिष्यांचे प्रकरण येते. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या त्या पाच जणांना डावलून न शिकलेल्या जाड्या पोला जागा मिळते. ते त्याची टिंगल करतात, रात्री निघून जा म्हणून सुचवतात. आता हा प्रसंग आपल्या मुलाने पाहिला आणि शाळेत त्याच्या शेजारी बसणाऱ्या सवर्ण मुलाने पाहिला, तर दोघे दोन चित्रपट पाहतील. एकाला आठवेल शिष्यवृत्तीच्या रांगेत ऐकलेली कुजबूज. दुसऱ्याला वाटेल, बघा, गुणवत्तेवर अन्याय झाला. हे बोलणे टाळू नये. मुलांना सांगावे की ऊगवेने पोला चमत्काराने निवडले, म्हणून त्या पाचांचा राग निदान समजण्यासारखा तरी आहे. आपल्या जागा कोणा कासवाच्या बोटाने ठरलेल्या नाहीत. त्यांच्यामागे युक्तिवाद आहे, लढा आहे, घटना आहे. चमत्कारापुढे प्रश्न विचारता येत नाही. हक्काला कारणे असतात, आणि ती दहा वर्षांच्या मुलालाही सांगता येतात, ती सांगायची टाळाटाळ आपणच करतो.

तिसरे रूप सर्वात गंभीर. ताई लुंग. शीफूच्या दारात कोणीतरी टाकलेले पोर. शीफूने त्याला मुलासारखे वाढवले, शिकवले, तू मोठा होणार असे सांगितले. ते पोर सर्वांत पटाईत निघाले. त्याने भेंडोळे मागितले. ऊगवेने नकार दिला. कारण? त्याच्या हृदयात अंधार दिसला. त्यानंतर ताई लुंगने खोऱ्यात धुमाकूळ घातला आणि त्याला डांबले गेले. एका कैद्यासाठी हजार पहारेकरी.

आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने मला सांगितले, हा एकलव्य आहे. मी ते मान्य केले नाही. एकलव्याला दारातच उभे केले नाही. ताई लुंग दाराच्या आतला, लाडाचा. आणि त्याने निरपराध माणसांची (म्हणजे चित्रपटातल्या डुकरा-सशांची) घरे उद्ध्वस्त केली, ते एकलव्याने केले नाही. आपली प्रतीके अशी स्वस्तात वाटू नयेत. पण त्या तरुणाच्या मनात जे खटकले ते बरोबर होते. आमच्या वर्गातल्या एका चौथीच्या मुलीने तेच साध्या शब्दांत विचारले: "कासवाने नाही म्हटलं, तेव्हा त्याने काही वाईट केलेलं होतं का?" नव्हते केले. चित्रपटात निवाडा आधी आहे आणि गुन्हा नंतर. आणि आपण सगळे प्रेक्षक तो निवाडा मान्य करतो, कारण गुरू म्हातारा आहे, शांत आहे, आणि त्याला 'दिसते'.

गुन्ह्याआधी निवाडा म्हणजे काय हे महाराष्ट्राला नवे नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणामागे त्यांची वसाहत होती. आजही लोक तिला 'सेटलमेंट'च म्हणतात. आत जन्मलेल्या पोराच्याही हृदयात सरकारला अंधार 'दिसत' होता. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे टिकला, १९५२ ला गेला. पोलिसांच्या नजरेतून तो कधी जाईल कोण जाणे. हे मुलांना लगेच सगळे सांगायचे नाही. पण 'दिसले म्हणजे झाले का?' हा प्रश्न त्या चौथीच्या मुलीकडून उचलून सगळ्या वर्गासमोर ठेवायला काय हरकत आहे?

यातली आणखी एक गाठ मुलांनी स्वतः सोडवली, मला सांगावी लागली नाही. ऊगवेला दिसते की ताई लुंग सुटणार. घाबरून शीफू एका पक्ष्याला तुरुंगाकडे धाडतो, पहारा दुप्पट करा म्हणून. त्या पक्ष्याचे एक पीस तिथे पडते. त्याच पिसाने ताई लुंग कुलूप उघडतो. निरोप गेला नसता तर पीस पडले नसते. ऊगवे याला नियतीचा खेळ म्हणतो. टाळायला जावे त्याच वाटेवर ती गाठते, असे त्याचे सांगणे. एक मुलगा म्हणाला, "सर, नशीब कुठलं? तो घाबरला म्हणून झालं." मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, नशीब आणि भीती, आणि मुलांना विचारले, कोणत्या शब्दाने गोष्ट पुरी सांगता येते? अर्धा तास गेला त्यात. गणिते राहिली.

नियती हा शब्दच मुळात आपल्याकडचा जुना वाद आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल सांगत होता की सगळे आधीच ठरलेले आहे, माणसाच्या प्रयत्नाला अर्थ नाही. सुताचा गुंडा उलगडत जावा तसे सुखदुःख उलगडून संपते. बुद्धाने हे मत अत्यंत घातक मानले. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये हाच प्रश्न आणखी पुढे नेला. गेल्या जन्माच्या कर्मानेच माणूस आज दरिद्री आहे असे मानले तर समाजावर आणि राज्यावर काही जबाबदारीच उरत नाही, आणि ती उरू नये हाच त्या सिद्धान्ताचा हेतू असावा, असा त्यांचा रोख आहे. त्याच्याही शंभर वर्षे आधी जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटकात गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी उभा केला. पोटातल्या मुलाचे भविष्य सांगून आईबापांची चूल रिकामी करायची. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही, यात नवल नाही. शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. पालकांना भविष्याबद्दल मुलांशी कसे बोलावे हे शिकवणारी मराठीतली पहिली कृती मी तीच मानतो.

आता भेंडोळ्याकडे येतो. ज्याच्यासाठी ताई लुंगने खोरे जाळले ते भेंडोळे पो उघडतो आणि ते कोरे. चकचकीत, त्यात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. शीफूचा धीर सुटतो. पो गावाकडे परततो. तिथे बाप त्याला आपल्या 'गुप्त मसाल्याच्या' रश्श्याचे रहस्य सांगतो: गुप्त मसाला असा काही नाहीच. खास आहे असे मानले की खास होते. मग पोला भेंडोळ्याचा अर्थ कळतो.

हा प्रसंग पाहताना मला माझी आजी आठवली. माझ्या वडिलांच्या पाचवीला, म्हणजे जन्मानंतरच्या पाचव्या रात्री, तिने रीतीप्रमाणे पाट्यावर वरवंटा मांडून सटवाई पुजली. सटवाई रात्री येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. घरात तर सात पिढ्यांत कोणाला अक्षर येत नव्हते. कागद कुठून आणणार? आजी वाण्याकडे गेली आणि पुडी बांधायचा कागद मागून आणला. लेखणी म्हणून काडी ठेवली. मी लहानपणी तिला विचारले, सकाळी काय लिहिलेलं होतं? ती म्हणाली, "काय नव्हतं. तेलाचा डाग होता. तिचं अक्षर माणसाला दिसत नसतं रे." छप्पन सालानंतर आमच्या घरात पाचवी बंद झाली. आजीनेच बंद केली. पण कागद कोरा होता याचा अर्थ तिने कधी वेगळा लावला की नाही, मला माहीत नाही. विचारायचे राहून गेले.

सटवाईचा कागद कोरा होता, चित्रपटातले भेंडोळेही कोरे आहे. इथवर चित्रपट आपल्याजवळ येतो. पण समीक्षकाने इथे थांबू नये. ज्या पोथ्या आपल्यापासून लपवून ठेवल्या होत्या त्या कोऱ्या नव्हत्या. त्यांत लिहिलेले होते. कोणी ऐकायचे नाही, कोणी साठवायचे नाही, कोणाच्या कानात काय ओतायचे, हे तपशीलवार लिहिलेले होते. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळावी लागली. कोरा कागद कोणी जाळत नाही. पो भेंडोळे उघडून त्यात आपला चेहरा पाहू शकला, कारण त्याच्याबद्दल त्यात एकही ओळ नव्हती. आपल्या पूर्वजांना ती चैन नव्हती. अमेरिकेतल्या कलावंतांना हे सुचणार नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्या घरात चित्रपट लावताना एवढी ओळ आपण जोडायला हवी.

दुसरे, 'मानले की होते' हे रहस्य. आत्मविश्वास हवाच, ज्या मुलाला पिढ्यानपिढ्या तू क्षुद्र आहेस असे ऐकवले गेले, त्याने आरशात पाहून मी कोणी आहे म्हणणे लहान गोष्ट नाही. पण पो केवळ मानून लढायला शिकला का? चित्रपटातच उत्तर आहे आणि तो माझ्या मते त्याचा सर्वोत्तम भाग आहे. शीफूच्या ध्यानात येते की हा पोरगा नेहमीच्या कवायतीने शिकणार नाही. पण वरच्या फळीवरच्या बिस्किटांसाठी मात्र तो वाटेल तशा उड्या मारतो. मग शीफू मोदकासारख्या वाफवलेल्या करंज्या पुढे ठेवून त्याला शिकवतो. मुलगा मठ्ठ नव्हता, शिकवण्याची पद्धत मठ्ठ होती! सर्व शिक्षकांना ही पंधरा मिनिटे दाखवावीत. पोला वाडा मिळाला, गुरू मिळाला, जेवण मिळाले, वेळ मिळाला. हे सगळे काढून घ्या आणि आरसा तेवढा हाती द्या, मग बघू किती जिंकतो. बाबासाहेबांनी आपल्याला नुसते 'स्वतःवर विश्वास ठेवा' म्हणून सोडले नाही. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज. वसतिगृहाची खोली, पुस्तक, दिवा. मुलांना पो आवडला असेल तर त्यांना विचारावे, पोला कोणी काय काय दिले? माझ्या वर्गातल्या मुलांनी सतरा गोष्टी मोजल्या. त्यांत एकाने 'करंज्या' पहिल्या लिहिल्या.

२०११ साली जेनिफर यू नेल्सन यांनी या चित्रपटाचा दुसरा भाग काढला. त्यावर फार लिहीत नाही, पण पालकांसाठी तो पहिल्यापेक्षा कामाचा आहे. शेन नावाच्या मोरराजपुत्राला एक म्हातारी शेळी भविष्य सांगते की काळ्यापांढऱ्या योद्ध्याकडून तुझा पराभव होईल. तो भीतीने पांडांची वस्तीच कापून काढतो आणि त्याच कृत्यातून आपला शत्रू घडवतो. कंसाची गोष्ट माहीत असलेल्या मुलांना हे लगेच ओळखू येते. पोला इथे कळते की आपण मुळ्याच्या पेटीत सापडलेले पोर आहोत. आणि तीच भविष्यवाली शेळी त्याला सांगते की सुरुवात दुःखाची होती म्हणून तू तेवढाच ठरत नाहीस, पुढे काय व्हायचे ते तू ठरवतोस. भविष्य सांगणारीच हे सांगते, ही गोष्ट मला विशेष वाटली. पहिल्या भागात गुरू जे बोटाने ठरवतो ते दुसऱ्या भागात मुलाच्या हाती येते. दोन्ही भाग लागोपाठ दाखवले तर मुले हा फरक आपण होऊन सांगतात.

पालकांना एक विनंती मात्र आहे. हे सगळे बोलणे चित्रपट चालू असताना करू नये. पोरांना हसू द्यावे. आपल्या चळवळीत एक खोड आहे, कोणी हसले की आपण त्याला प्रबोधन करायला धावतो. दुसऱ्या दिवशी भाकरी भाजताना, शाळेत सोडताना एखादा प्रश्न पुरे. आणि घरातल्या बाईने "नशीब" म्हटले तर तिला वर्गात उभी करू नये. तिच्यासाठी तो सिद्धान्त नसतो. दुसरीकडे कुठे ठेवता न येणारे दुःख ठेवायची ती जागा असते. तिला दुसरी जागा आपण दिलेली नाही, तोवर शब्द काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कसा?

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मुलांना या चित्रपटावर बोलते केले. वर्ग संपता संपता त्या नववीतल्या मुलाचे वडील त्याला न्यायला आले. ड्युटीवरून सरळ, गमबूट तसेच, म्हणून दारातच थांबले. "जयभीम सर. कशावर चाललंय एवढं?"

मुलानेच सांगितले. नूडलवाल्याचा पोरगा, कुंग फू, बिबट्या, कोरा कागद. वडिलांनी सगळे नीट ऐकून घेतले.

"आणि दुकान?" त्यांनी विचारले.

"दुकान बाप चालवतो."

"एकटाच?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला.